गुण

ग्रंथालयातल्या खुर्च्या सहा-सहा फुटांवर ओढून
आम्ही सातजण बसलो होतो, मास्कमधून ओरडत.
खिडकीबाहेर परळचा रस्ता, इतका रिकामा
की सिग्नल उगाच लाल होत होता.

डॉक्टर सुखटणकरांनी वही पुढे सरकवली.
दोनशे पानी, शाळेची असते तशी, मागे पाढे छापलेले.
"एकतीस जणांना दिली. सव्वीस चालत घरी गेले.
अजून काय हवं तुम्हाला?"

जंतांवरची जुनी गोळी ती, दहा रुपयांची पट्टी.
त्या आठवड्यात लालबागेत तीनशेलाही मिळत नव्हती.

मी आकडेवाली. खोडा घालणं हेच माझं काम.
विचारलं, ज्यांना नाही दिली त्यांचं काय झालं?
ते बघत राहिले.
"नाही दिली असं कुणाला ठेवू, बाई? तूच निवडून दे.
खाट नंबर नऊ? त्याची बायको खाली
फुटपाथवर बसलीये तीन दिवस."

कावळा बसायला नि फांदी मोडायला, मी म्हटलं.
ते म्हणाले, "चाळीस वर्षं फांद्याच बघतोय मी."

वही चाळली. अक्षर सुरेख, रेघा पट्टीने मारलेल्या.
सतराव्या पानावर लाल शाईने खोडलेली एक ओळ:
हरिश्चंद्र तोडणकर, वय बावन्न, कोर्स अपुरा.
पुढे आणखी एक. मग आणखी सहा.
गोळी पाच दिवसांची; तिसऱ्या दिवशी जो गेला
तो वहीतूनही गेला.
लबाडी नव्हती ती. पेन्शनच्या खिडकीवर म्हणतात ना,
अर्ज अपूर्ण, सबब बाद. तसं.
मी मोठ्याने मोजलं.
एकतीस नाही, एकोणचाळीस.
सव्वीस मात्र तेवढेच.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही.
"तोडणकर," ते म्हणाले, "बेस्टमध्ये कंडक्टर.
तापात रात्रभर सुट्टे मागत होता."

आपल्याकडे औषधाला गुण येतो.
वैद्याचा हातगुण, सुनेचा पायगुण,
परीक्षेत मिळतात तेही गुणच.
एवढासा शब्द, आणि कुठल्याच रकान्यात मावत नाही.

ठराव मीच लिहिला. पुरावा अपुरा. वापर फक्त चाचणीत.
पाच विरुद्ध दोन.

लिहिलं नाही ते हे:
आदल्या बुधवारी भांडुपला माझा भाऊ, ऑक्सिजन ब्याण्णव,
आणि मी ओळखीच्या केमिस्टकडून
वर्तमानपत्रात गुंडाळून एक पट्टी धाडली होती.
तो बरा झाला. वहिनी सगळ्यांना सांगते, गुण आला.
आला असेल.
तसाही आला असता.
एकाच माणसाला दोनदा आजारी पाडून,
एकदा देऊन, एकदा न देता
बघता येत नाही, एवढं मला शिकवलंय
आणि मी शिकवते.
पट्टी पाठवताना यातलं काही आठवलं नाही.
खोटं कशाला, आठवलं होतं.

अकरा दिवसांनी पाकिटं आली.
खाकी, सीलबंद, नुसते क्रमांक.
काहींत गोळी, काहींत हुबेहूब तशीच दिसणारी साखर.
सिस्टर लुर्डिनाने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून
पहिलं फोडलं.

नऊ नंबरवर आता दुसराच माणूस.
त्याची मुलगी फोनवर: "मॅडम, खरी निघाली का हो?"
माहीत नाही, म्हटलं.
तिला वाटलं, लपवतेय.
शेजारी सुखटणकर उभे होते. मतदानात हरलेले,
तरी राउंडला सगळ्यात आधी आलेले.
फोन त्यांनीच घेतला.
"खरंच माहीत नाही गं, बाळ. मलाही नाही."

मग खिशातलं पेन काढून, भिंतीला वही टेकवून,
पहिली गोळी पोटात जाण्याआधीच
त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.