बळावला

फाइल पाचशे बारा. इफान पेनन्ट,
उत्तर वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतला.
मृत्यू : अकरा मार्च एकोणीसशे एकवीस. घरी, खाटेवर.
म्हणजे ठरलेल्या तारखेच्या आत.
तेवढ्यावर भागत नाही.
गणवेश उतरवून घरी आलेला माणूस
लढाईनेच मेला
असं एखाद्या कागदाने म्हणावं लागतं.

दाखल्यावर डॉक्टरने एवढंच लिहिलंय : छाती.

चौदाव्या वर्षापासून तो दगड चिरत होता,
राखाडी भुकटी श्वासाबरोबर आत.
मग फ्रान्समध्ये एका पहाटे वायू.
दुसऱ्या कुणाचा मुखवटा बांधत बसला म्हणे,
पण हे भावाच्या नातीने लिहिलंय
आणि 'म्हणे' हा पुरावा नाही.
मग पुन्हा खाण, सात महिने.
एका फुप्फुसाची वाटणी कशी करू?
खाणमालकाच्या नावे किती, राजाच्या नावे किती?

ही नात, मेरेरिड, पोस्टातून निवृत्त झालेली.
तिच्या पाकिटावर तिकीट कधी तिरकं नसतं.
या वेळी तिने पेन्शनची चिठ्ठी पाठवलीय,
बटणांच्या डब्याच्या तळाशी सापडलेली.
छापील दोन ओळी, नको ती खोडायची :
सेवेमुळे झाला.
सेवेमुळे बळावला.
पहिली खोडलीय, दोनदा.
दुसरीवरूनही एक रेघ गेलीय,
पेनाची, की घडीची?

भिंग घेऊन खिडकीपाशी गेले.

बळावला.
माणूस जिना चढेनासा झाला,
लोवरी त्याला उशांना टेकवून, बसवूनच निजवायची,
आणि बळ येत होतं
ते खोकल्याला.

शाई नाही. घडीच आहे.
निदान मला तरी शाई दिसली नाही.
मी 'मान्य' लिहिलं, सही केली,
चहा तोवर गार झाला होता.

पांढरा दगड मिळेल, पलटणीच्या चिन्हासकट,
सगळ्यांच्या असतो त्याच उंचीचा.

मेरेरिडचं उत्तर आठवड्यात आलं.
आभारी आहोत. पण त्याच्या सोबत्यांनी तेव्हाच
खाणीतल्याच दगडाची पाटी रोवलीय,
नाव जरा उतरतं गेलंय, शेवटची अक्षरं दाटीवाटीने.
ती हलवू नये.
तुमचा दगड शेजारी चालेल.
थोडा मागे.

फाइल बांधताना बोटांना काहीतरी राखाडी लागलं.
कपाटातली धूळ असेल.
मी तोंड वळवून श्वास घेतला.