निळा दिवा, रांग सात

सावद्यात रात्री अकरालाही
भिंत हात लावू देत नाही.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी दार लावते,
टेबलाखाली ओलं फडकं, त्यावर पाय,
आणि जिथं मी कधी पाऊल टाकलं नाही
त्या खोलीचा ताप बघत बसते.

खोली ऐरोलीला. चारशे चाळीस मशीन.
पुढून हवा आत जाते : एकवीस.
मागून निघते : सदतीस.
एकवीस आमच्याकडे माघात असतो,
सकाळी नऊच्या सुमाराला, तासभर.

प्रत्येकाच्या पोटात एक बारकी चिप असते.
पगार, तिकिटं, कुणाच्या छातीचे एक्स-रे,
हे सगळं मोठ्याचं काम, तिला त्यातलं काही कळत नाही.
ती पंखे मोजते, ताप घेते,
वीज किती प्याली ते लिहून ठेवते.
मशीन बंद केलं तरी ती झोपत नाही,
वायर भिंतीत असेपर्यंत जागी.
माझं बोलणं तिच्याशी.
मोठ्याला मी माहीतही नाही.

शेजारच्या फिरकेकाकूंना वाटतं, मी रात्रभर सिनेमे बघते.

माझा भाऊ लीलाधर केळी पिकवायच्या खोल्यांवर असतो.
तिथं सतरा अंश. काटा तोही बघतो,
पण दार किलकिलं करून एकदा हुंगतो, म्हणतो,
उद्या दुपारपर्यंत रंग धरेल.
धरतो.
माझ्याजवळ नाक नाही, नुसते आकडे.

दोन वाजून बारा मिनिटं.
रांग सात, रॅक चार, खालून अकरावं.
तिसऱ्या पंख्याचे फेरे नऊ हजारांवरून चारवर,
दोनवर,
मग नुसती रेघ.
बाकीच्या पाचांना मी पुरं पळवलं.
त्यांनी सहाव्याचं ओझं घेतलं, कुरकुर न करता.
केलीही असेल. आवाज मला येत नाही,
फेरे येतात.

तेवढ्यात लाईट गेली.
पलीकडं दीपनगरला बनते, आमच्याकडं जाते.
कूलर थांबला, इन्व्हर्टरवर राउटर वाचला.
कीबोर्डवर घाम टपकत होता
आणि मी एका गार खोलीला वारा घालत होते.
हसू आलं. सांगणार कुणाला.

तिथल्या ड्यूटीवाल्याला फोन लावला. नवा आवाज :
'मॅडम, इथं सगळी सारखीच दिसू राहिली. कोणतं?'
दिसू राहिली.
माझा कान तिथंच अडकला.
'थांबा, दिवा लावते.'
एक बटण,
आणि चारशे किलोमीटरवर एका पत्र्याच्या कपाळावर
निळा दिवा लुकलुकला असणार.
शेकड्यांनी लावले असतील मी.
पाहिलेला एकही नाही.

'सापडलं.'
झाकण सरकल्याचा आवाज. शून्य.
शून्य.
तीन हजार.
नऊ.

'कुठले हो तुम्ही?'
'यावलच्या वर, परसाडे. रमजान तडवी.'
'मी सावद्याची.'
मग कुणीच काही बोललं नाही.
फोनमधून पंखे घोंगावत होते,
सगळे एकदम, धरणाची दारं उघडल्यासारखे.
हे असे बोलतात तर.

'किती आहे हो तिकडं आत्ता?'
'छत्तीस. अडीच वाजून गेलेत.'
'मी स्वेटर घालून आहे,'
तो म्हणाला, चोरी कबूल करावी तसं.

मग म्हणाला, 'ताई, दिवा चालूच राहिला.'
'राहू द्या मिनिटभर. कसा दिसतो?'
त्यानं विचार केला. खरंच वाकून पाहिलं असावं.
'निळा. बारका.
ज्वारीच्या दाण्याएवढा.'

नोंदीत लिहिलं : पंखा तीन बदलला, तापमान ठीक.
मग बटण दाबलं.

लाईट अजून आली नव्हती.
पायाखालचं फडकं कधीच सुकलं होतं.