चेन दुरुस्ती

अकराच्या सुमाराला ती आली, तीन जिने चढून.
धनकवडीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही
आणि पाणी एक दिवसाआड.
"उजागरे मॅडम ना? मी करिश्मा वळवी, थर्ड इयर."
वळवी म्हणजे नंदुरबारकडची. मी विचारलं नाही.
आमच्या वेळी पहिल्याच मिनिटाला विचारायचे,
मग ठरायचं आम्हाला पाणी कुठल्या पेल्यात.

निळी पिशवी तिने खांद्यावरून काढली
आणि जमिनीवर टेकवली नाही.
एवढ्यावरच मी अर्धे मार्क देऊन टाकले.
आधी वर्तमानपत्र पसरलं. त्यावर पिशवी.
साबण, टॉवेल, आणि "बेसिन कुठंय?"

ही पिशवी मला ओळखते, हे मी सांगितलं नाही.
बोहरी आळीत उन्हात उभं राहून
चाळीस पिशव्यांचा भाव सहाशे वीसवरून
पाचशे ऐंशीवर मीच आणला होता,
गेल्या मार्चात, दोन्ही खुबे शाबूत असताना.

माजी विद्यार्थिनींचा निधी म्हणजे काय, तर एक लाल वही
आणि माझा फोन.
झुबेदा तांबोळी मस्कतहून पाठवते, दर रमजानला,
वर बजावते, "नाव लावू नकोस हं."
अन्नम्मा कोट्टायमला परत गेली;
पैशांसोबत अजून मराठीत एक शिवी पाठवते, अस्सल.
कुसुम कोंढाळकर भोरहून भाच्याच्या हाती
दोनशे रुपये, पाकिटात, डिंकाने चिकटवून.
आणि मोठ्या पदावर पोचलेल्या तिघी
फोन केला की मीटिंगमध्ये असतात.
मीही होते कधीकाळी मीटिंगमध्ये.

त्यातून एक स्कूटर झाली, सेकंडहँड,
जनता वसाहतीचा चढ आला की रडते.
शुगरच्या पट्ट्या झाल्या; काशेवाडीतल्या
एका गल्लीतच महिन्याच्या आधी संपतात.
आणि पाच मुलींच्या मेसची बिलं,
ती मी 'किरकोळ' या सदरात टाकते.
त्या पाचांत एक आडनाव,
नको. मी आठवायचं नाही असं ठरवलं.

"दुखतंय का?"
आम्ही विचारायचो नाही. म्हणायचो, झालं, झालं.
हिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.
चौतीस वर्षं मी खाटेच्या त्या बाजूला उभी होते,
तिथून झोपलेलं माणूस लहान दिसतं.
इकडून दिसते फक्त हनुवटी,
तिच्यावर एक पुटकुळी,
आणि मागे आपल्याच घराचा न झाडलेला पंखा.
माझ्या सांगण्याआधीच तिने पोटरी दाबून पाहिली.
उरलेले अर्धे मार्क.

"मॅडम, तुम्ही काय करायचात?"
"हिशेब," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

वर्तमानपत्राची घडी, वापरलेली बाजू आत.
पिशवीची चेन मात्र मध्येच अडली;
तिने सरावाने एक सेफ्टी पिन लावली.
"कधीपासून?"
"पहिल्यापासूनच. सगळ्यांच्याच अशा आहेत. चालतं."
नगामागे चाळीस रुपये वाचवले होते मी.
वार्षिक सभेत टाळ्याही झाल्या होत्या.

ती निघाली. जिन्यात पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली.
वाटलं, दम खात असेल.
मग बेल वाजली, सोनटक्क्यांची,
आणि कुणीतरी आतून म्हणालं, "या, आजोबा सकाळपासून विचारताहेत."
सकाळपासून!
माझ्या पायांखाली एक माणूस अंथरुणाला खिळलेला,
आणि मी तर समजत होते ते मुलीकडे गेलेत, चिंचवडला.

वॉकर ओढत कपाटापर्यंत गेले.
वही काढली, पेन आधी चालेना, मग चाललं:
चेन दुरुस्ती, नग चाळीस.
रकमेचा रकाना मोकळा ठेवला
आणि झुबेदाचा नंबर लावला.