हातात पायमोजे

मार्च लागला की गंगावेशीतल्या आमच्या बोळात
माणसं शिंकत शिंकतच रामराम घालतात.
सकाळी सातला मुसळं सुरू होतात
ती दिवेलागणीपर्यंत.
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला,
लवंगी ज्याच्या त्याच्या हिमतीला.
भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, तळलेला कांदा;
दर घराचं माप वेगळं
आणि दर घर म्हणतं, आमचंच खरं.

बावीस वर्षं या तांबड्या धुळीत हात घातले.
हात कधी बोलले नाहीत.
यंदा बोलले.

आधी अंगठीखाली पाण्यानं भरलेले
तिळाएवढे फोड.
मग भेगा, मग भेगांतून लस,
आणि त्यात मिरची.
ते कसं असतं ते सांगत नाही.
रात्री दोनला खाज उठायची,
आतून कुणी कडी शोधत असल्यासारखी.
मी चादरीच्या काठावर, खाटेच्या पट्टीवर,
एकदा तर खोबऱ्याच्या किसणीवर
हात घासला. हो, किसणीवर.
सकाळी ती गुपचूप धुऊन ठेवली.

हौसाक्का म्हणाली, करंजाचं तेल.
मुमताजभाभीनं पातेलंभर लिंबाचा पाला उकळून पाठवला.
मेडिकलमधल्या पोरानं न विचारता एक ट्यूब काढली,
आठ दिवस जादू,
नवव्या दिवशी दुप्पट.
कुणी म्हणालं वांगं सोड, सोडलं.
अंडं सोडलं, सुकट सोडली.
तांबडा रस्सा सोडला तेव्हा नवरा म्हणाला,
"आता कोल्हापूरच सोड की."
हसले मी. हसताना हात खाजवला.

मग एक बाई आली, दरवर्षीची,
पाच किलोचा डबा पुढं केला
आणि माझे हात बघून मागं घेतला.
"पुढच्या आठवड्यात येते हं."
डब्याच्या झाकणात माझा चेहरा लांबट दिसला,
आणि गेला तिच्यासोबत.

राजारामपुरीत डॉक्टर मिणचेकर बाईंनी
माझा हात हातात घेतला.
उघड्या हातानं.
बाकीचं त्यांनी नंतर सांगितलं:
इसब आहे, कुणाला लागत नाही,
मुळातून जाईल असं वचन देत नाही,
पण गप्प बसवता येतं.
साबण बंद. कोमट पाणी.
हात जरा ओले असतानाच जाड थर मलमाचा,
रात्री वरून सुती काहीतरी.
आणि मिरचीपासून लांब.
"बाई, माझं दुकानच मिरचीचं," म्हटलं.
त्या म्हणाल्या, "मग लांब दांड्याचा चमचा घ्या."

सुती म्हणजे घरात काय,
इंद्रजीतचे शाळेचे पांढरे मोजे,
टाचेला विरलेले.
एक मोजा चढवता येतो.
दुसरा नाही.
मोज्यातल्या हाताला बोटं नसतात.
मी पलंगावर बसून झटत होते,
मलम कोपरापर्यंत गेलेलं.
दहावीपासून हं आणि नाही एवढंच बोलणारा माझा पोरगा
मोबाईल बाजूला ठेवून आला,
गुडघ्यांवर बसला.
"बोटं सरळ कर."
त्याच्या पायांना मी हेच म्हणायचे,
रोज, पावणेसातला, रिक्षा दारात असताना.
त्यानं मोजा ओढला, मनगटावर दुमडला,
वर एक रबर लावला, सैलसा.
"घट्ट नाही ना?"
त्या रात्री दोन वाजले
ते मला कळलं नाही.

आता एप्रिल निम्मा सरलाय.
तळव्यावरची नवी कातडी
उकडलेल्या बटाट्याच्या सालीगत पातळ.
मिरच्या आक्काताई बघते,
मी काट्यावर बसते आणि तिच्यावर ओरडते.
खाज येते अधूनमधून,
मी चापट मारते, नख लावत नाही. बहुतेक वेळा.

ती डब्याची बाई आली परवा.
"औंदा तीळ जास्त घाला," एवढंच म्हणाली.
घातले.

जूनमध्ये इंद्रजीत सांगलीला जाईल, होस्टेलला.
दुसऱ्या मोज्याचं काय, ते बघू.
दातांनी ओढायला शिकतेय.