पेशंट

पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले.
बादलीच्या झाकणातून निघालेली सलाइनची नळी,
तिचं टोक पाण्याच्या बाटलीत,
आणि बाटली गप्प.
न्हाणीत पालथ्या टबावर बसून मी बघत राहिलो,
लोकांच्या घरी कुणी जेवायला थांब म्हणेल
म्हणून बसून राहावं, तसा.

दिवसभर मी रिफायनरीत दाबाचे काटे तपासतो.
कुठला काटा खोटं बोलतोय ते
मला काचेवर टिचकी मारली की कळतं.
इथे माझ्या हातात थोरल्या भावाचा लॅक्टोमीटर,
वसईच्या गोठ्यातून आलेला,
जन्मभर दुधातलं पाणी पकडलेला.
तो बाविसावर उभा.
काल बावीस, परवाही बावीस.
चव घेतली. गोड. नुसतीच गोड,
लग्नात उरलेल्या सरबतासारखी.

आणि पुढचा शुक्रवार तुस्कानोचा शेवटचा.
व्हिसा रद्द, खोके कार्गोला गेलेले.
त्याने शिकवलेलं त्यालाच पाजायचं ठरवलं होतं मी.

फाहीलला फोन लावला.
फोनवर नाव घ्यायचं नाही, हा त्याचाच नियम,
सव्वीस वर्षांत एकदाही न मोडलेला.
म्हटलं, पेशंटचा श्वास बंद आहे.
तो म्हणाला, अंगाला हात लावून बघ. गार आहे?
गार होता.
जानेवारीतला मंगफ, उत्तरेचं वारं,
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दाताला झोंबणारं,
आणि मी मूर्खाने त्याला उघड्या फरशीवर ठेवलेला.
मेला नाही रे, इनास, झोपलाय.
पांघरूण घाल. हळू हलव, तळाचं वर येऊ दे.
नाही उठला तर दुसरा पाठव,
पण आधी कोमट साखरपाण्यात त्याला जागा कर,
मग त्याच वाडग्यात पेशंटचीच एक पळी घाल,
ओळख होऊ दे. एकदम परक्या घरात ढकललं
तर कुणीही गप्पच बसणार.
हे तो यीस्टबद्दल म्हणाला.

फोन ठेवला तर दारात हारिस,
अब्दुस्समी, सोहागचा, कचऱ्याची पिशवी न्यायला आलेला.
त्याला हिंदी तेवढीच, जेवढी मला अरबी,
पण आमच्या बिल्डिंगीत नर्सा पुष्कळ,
पेशंट हा शब्द त्याला पाठ.
मरीज? कोण?
चुलतभाऊ, माझ्या तोंडून निघालं.
तो खाली गेला, धापा टाकत वर आला,
हातात मधाची बाटली, आत कलौंजीचे काळे दाणे,
आईने गावाहून भरून दिलेली.
सकाळी एक चमचा, बिस्मिल्ला म्हणून.

रात्री डबा उघडला तर साखर नाही,
सगळी बादलीने खाल्लेली.
ओट्यावर मध.
मी थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.
मग जॅकेट चढवलं, जमइय्यात गेलो,
दोन किलो साखर आणि पावाच्या यीस्टचं पाकीट.
परत येऊन चमचाभर मध उभ्याउभ्याच खाल्ला,
क्रुसाची खूण करून.
घसा उगाच खवखवला.

बादलीला माझी गोधडी गुंडाळली,
नाताळच्या फुग्यांच्या पिठाला आमच्याकडे गुंडाळतात तशी,
आणि मी जॅकेट घालूनच झोपलो.
सकाळी जिन्यात प्रश्न, मरीज कसा आहे?
झोपलाय.
दुसऱ्या सकाळी, काही खाल्लं का?
थोडी साखर.
त्याने मान हलवली, डॉक्टरसारखी.

तिसऱ्या रात्री दात घासत होतो.
नळ बंद केला, तरी पाण्याचा आवाज येतच राहिला.
एक बुडबुडा. तोंडात फेस तसाच. मग दुसरा,
मग मोजणं सोडून दिलं.
लॅक्टोमीटर अठरावर, किंचित तिरका, डुलत.

सकाळी दार उघडून मीच सांगितलं,
श्वास घेतोय.
अल्हम्दुलिल्ला, अब्दुस्समीचे दोन्ही हात छातीशी.
आठवडाभरात हे एवढंच मी त्याला
धडधडीत खरं बोललो होतो.
मग त्याने उंबऱ्याशी चपला काढल्या.
भेटून जातो म्हणाला, पाचच मिनिटं.

आत बाटली बोलत होती.