दिनविशेष

मानवतच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे.
सकाळी साडेसातला मी तो ओल्या फडक्यानं पुसतो
आणि वाळायच्या आतच लिहितो, ही माझी खोड.
अक्षर आधी दिसत नाही, मग हळूहळू पांढरं उमटतं.
जन्म. मृत्यू. घटना.
तीन रकाने, एक तारीख,
आणि एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं
धर्मशाळेत पथारी टाकल्यासारखी शेजारी शेजारी.

आज एक जून.
घटनेत लिहिलं: एसटीची पहिली गाडी, पुणे ते नगर, १९४८.
(तेव्हा आपण निजामात. आपल्याकडं गाडी नंतर आली.)
जन्माच्या रकान्यात खरं तर अर्धं गाव लिहायला हवं.
शिराळे गुरुजींनी आम्हाला चिंचेखाली उभं केलं होतं.
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला
की सहा वर्षं पुरी, की एक जून.
माझा, सोपानचा, कुलथ्यांच्या जुळ्यांचा,
जुळ्यांच्या पाठच्या बहिणीचासुद्धा.
काल झेडपीचे चार मास्तर एकदम निवृत्त झाले.
हार तीनच आले होते.

आईला एकदा विचारलं होतं.
"जिनिंगला आग लागल्ती त्या राती.
कापसाच्या गंज्या तीन दिस धुमसत हुत्या.
हुसेनबी सुईण तोंडाला पदर लावून आल्ती.
तू रडायच्या आधी खोकलास."
तारीख?
"तारखेकडं कोन बघतंय बाबा. थंडी हुती."

मी मागच्या खोलीतल्या फायली काढल्या.
कापसाचा भाव सापडला, थंडीची लाट सापडली.
एका पानाला वाळवीनं खिडकी पाडलेली,
तिच्यातून दुसऱ्या दिवशीची साबणाची जाहिरात दिसत होती.
आग नव्हती.
तेव्हापासून दिवाळी ते होळी
मी फडकं जरा दबकत फिरवतो.
यातल्या कुठल्या तरी सकाळी
मी माझाच दिवस पुसत असणार.

सोपान रोज येतो. आधी भाव वाचतो,
मग फळ्यापुढं उभा राहून विचारतो, "आज कोण गेलं?"
आज विचारलं,
"आमचा बाप येतो का रे कधी ह्यात?"

लिंबाजी. हमाल.
त्या रात्री बाहेर आला होता,
मालकाच्या वह्या राहिल्या म्हणून परत आत गेला.
वह्या दुसऱ्याच खोलीत होत्या, म्हणतात.

मी म्हटलं, तारीख लागते.
"तारीख कशाला?" सोपान म्हणाला,
"तुझं जेवढं वय, तेवढंच त्याचं मरण."

मग त्यानं तंबाखू काढली, मळली, दोनदा थापटली,
आणि चुन्याचं बोट
मृत्यूच्या रकान्याखाली पुसलं. सवयीनं.
मी काही बोललो नाही.
उद्या दोन जून.
चुना नुसत्या पाण्यानं निघत नाही.