दोन नंबरचं बटण

गाडी ताराबाई पार्कात, आंब्याखाली उभी होती.
अंगावर ताडपत्री, ताडपत्रीवर मोहोर.
उपाध्येबाईंनी ती स्वतः ओढली,
झोपलेल्याचं पांघरूण काढावं तशी,
आधी पायाकडून.

चौदा वर्षांची. स्टुटगार्टची. दोनच दारं.
आठ सिलिंडर, आणि रंग असा
की भट्टीतलं बीड निवता निवता
एक क्षणभर ज्या रंगाचं असतं,
करडं, पण आत कुठंतरी अजून तांबूस.

शिरोलीत पंचवीस वर्षं ओतकाम केलं मी.
पंपाच्या बॉड्या, ब्रेकच्या चकत्या,
खोक्यांवर तिकडचे पत्ते चिकटवून पाठवल्या.
त्या पत्त्यावर पुढं काय होतं
ते एकदा आत बसून बघायचं होतं.

सोबत बालेचांद शिकलगार, उद्यमनगरचा.
सतरंजी टाकून गाडीखाली आडवा झाला
आणि तिथूनच बोलत राहिला:
"तेल गळतंय मालक. थेंब थेंब, पण गळतंय.
पुढचे बुश गेल्यात. सील गेल्यात.
हिच्या एका शॉकअबसॉर्बरात
माझी पोरगी इंजिनिअर हुईल."
मग बराच वेळ गप्प.
मग देवळात बोलतात त्या आवाजात:
"पण काय बनीवलंय हो."

बाईंनी चहा दिला. फाइल दिली.
प्रत्येक पावतीच्या कडेला पेन्सिलनं किलोमीटर,
आणि मधेच एखादा शेरा:
'निपाणीपर्यंत. आवाज नाही.'
'बेळगाव. कुंदा आणला.'
'चारी टायर बदलले. पद्मजाला सांगितलं नाही.'
मला हसू आलं.
बाई म्हणाल्या, ते पान मीही नंतरच वाचलं.

घासाघीस करायची म्हणून घरून पाठ करून आलो होतो:
गळती, बुश, विमा, हिला आता कोण घेतंय.
शैलानं बजावलेलं, एवढ्यात वर दोन खोल्या चढतात.
मी आकडा सांगितला.
बाई म्हणाल्या, बरं.
इतक्या लवकर कुणी बरं म्हटलं
की घेणाऱ्यालाच चोरी केल्यासारखं वाटतं.
मी पंचवीस हजार वाढवले.
बालेचांदनं कपाळाला हात लावला.

चावी फिरवली.
तालमीत वस्ताद नुसता घसा साफ करतो
आणि सगळी पोरं ताठ होतात, तेवढाच आवाज.
दारावर तीन बटणं होती. चाळा म्हणून
मी दोन नंबरचं दाबून धरलं.
सीट मागं सरकू लागली. पाठ कलली,
आरसे आपणहून फिरले,
पाय पेडलपासून सुटले
आणि मी एका उंच माणसाच्या मापात बसलो होतो.
बाई काचेबाहेर उभ्या.
"एक नंबर माझा," म्हणाल्या.
"मी कधी चालवली नाही.
त्यांनीच माप घेऊन ठेवलेलं."

हायवेला लागेपर्यंत कुणी बोललं नाही.
चारशेच्या आसपास घोडे, आणि कागलपर्यंत
उसाच्या ट्रॉलीमागं, बैलाच्या चालीनं.
उसावर बसलेल्या पोरानं एक कांडं मोडून
वरूनच पुढं केलं.
बालेचांदनं काच उतरवून हात लांब केला,
पोचला नाही. दोघंही हसले.
मग ट्रॉली वळली आणि रस्ता मोकळा झाला.
त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही.
तवंदी घाटाच्या माथ्यावर थांबलो
तेव्हा बालेचांदच्या मांडीवर फाइल होती,
दोन्ही हातांनी धरलेली.

माझं माप तिसऱ्या बटणात आहे.
दोनला हात लावत नाही असं नाही.
शेरे मीही लिहितो, पेन्सिलनंच:
'तवंदी. आवाज नाही. खाली दोन थेंब.'

काल शैलानं फाइल वाचायला मागितली.
पंचवीस हजारांचं पान
मी अजून लिहिलेलं नाही.